पहिले सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर निवडताना: यंत्रणा, काडतूस आणि पकड

सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरच्या चापाकडे एकच काम असते: चढवलेला घोडा सोडणे. प्रत्येक गोळीपूर्वी नेमबाजाला अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो, त्या ओढीबरोबर सिलिंडर (काडतुसांच्या कप्प्यांचा, म्हणजे चेंबरांचा, फिरता दंडगोल) एका चेंबराने पुढे सरकतो, पुढचे काडतूस नळीच्या रेषेत येऊन पक्के बसते आणि त्यानंतरच चाप दाबण्याला काही अर्थ येतो. घोडा चढवण्याचे श्रम अंगठ्याने आधीच घेतलेले असल्यामुळे चाप हलका आणि आखूड लागतो. छंद म्हणून संथपणे नेम धरणाऱ्याला या रचनेची गोडी लागते ती त्यामुळेच. भरणे आणि रिकामे करणे मात्र एकेका काडतुसाने, सावकाश करावे लागते. ज्याला याचा कंटाळा येईल त्याने बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचे डबल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर (ज्यात चाप दाबूनही घोडा चढतो) घ्यावे, हे मी आधीच स्पष्ट सांगतो.

नवख्या माणसाची अडचण अशी की ही सगळी रिव्हॉल्व्हर बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात. 1873 सालच्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीचा घाट आजही बहुतेक उत्पादकांनी कायम ठेवला आहे. आतली यंत्रणा मात्र मुख्यतः दोन वेगवेगळ्या पद्धतींची असते, आणि आपल्या हातात कोणत्या पद्धतीचे रिव्हॉल्व्हर आहे हे ठाऊक नसताना केलेली हाताळणी धोक्याची ठरू शकते. म्हणून आधी यंत्रणा, मग काडतूस, मग पकड आणि साइट, आणि सर्वांत शेवटी ब्रँड व झिलई, असा क्रम ठेवावा असे माझे ठाम मत आहे. तुम्ही राहता तेथील परवाना, वय आणि साठवण यांविषयीचे नियम या सर्वांच्याही आधी येतात. ते पूर्ण केल्याशिवाय पुढची एकही पायरी चढू नये.

पहिली पायरी: घोडा खाली असताना आत काय होते ते समजून घ्या

पारंपरिक कोल्ट पद्धतीत फायरिंग पिन, म्हणजे काडतूस पेटवणारी टोचणी, घोड्यालाच जडलेली असते. घोडा पूर्ण खाली असताना ही पिन फ्रेममधल्या छिद्रातून पुढे येते आणि समोरच्या चेंबरमध्ये काडतूस असेल तर थेट त्याच्या प्रायमरला (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीला) टेकून राहते. असे रिव्हॉल्व्हर हातातून निसटून घोड्यावर आपटले तर गोळी सुटू शकते. घोडा थोडासा मागे ओढला की तो पहिल्या खाचेत अडकतो खरा, पण ती खाच आणि तिच्यात बसणारे चापाचे टोक हे दोन्ही भाग इतके बारीक असतात की जोराच्या फटक्याने तुटू शकतात. त्या खाचेच्या भरवशावर 6 चेंबर भरणे हे या छंदातले सर्वांत घातक अज्ञान आहे. यावरचा उपाय जुना आणि पक्का आहे: 6 चेंबरांमध्ये 5 काडतुसे भरायची आणि घोडा रिकाम्या चेंबरवर उतरवायचा. कोल्टची सिंगल ॲक्शन आर्मी, तसेच उबर्टी आणि पिएट्टा या इटालियन कंपन्यांच्या बहुतेक प्रतिकृती याच घराण्यातल्या आहेत. उबर्टीच्या कॅटलमन 2 या मॉडेलमध्ये चाप पूर्ण दाबलेला असेल तेव्हाच पुढे येणारी फायरिंग पिन बसवलेली आहे, आणि काही प्रतिकृतींमध्ये सिलिंडरची मधली पिन आणखी आत ढकलून घोडा अडवता येतो. या सोयी चांगल्या आहेत, परंतु नवशिक्याने 5 काडतुसांचा नियम त्यांच्यासाठी सोडू नये.

दुसरी पद्धत रुगर कंपनीने 1973 साली न्यू मॉडेल मालिकेत आणली. हिच्यात फायरिंग पिन फ्रेममध्ये असते आणि खाली उतरलेला घोडा तिला मुळी शिवतच नाही. चाप मागे दाबलेला असतानाच ट्रान्सफर बार नावाची एक पट्टी वर येते, घोडा आणि पिन यांच्यामध्ये उभी राहते आणि घोड्याचा घाव पिनपर्यंत पोहोचवते. चाप सुटला की पट्टी खाली जाते, आणि मग घोड्यावर बाहेरून कितीही जोराचा मार बसला तरी तो पिनपर्यंत पोहोचायला मार्ग उरत नाही. या रचनेत सहाही चेंबर भरून घोडा खाली ठेवता येतो. तरीही काउबॉय ॲक्शन शूटिंगच्या स्पर्धा घेणाऱ्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांत सर्वांनाच 5 काडतुसे भरून घोडा रिकाम्या चेंबरवर ठेवावा लागतो, मग यंत्रणा कोणतीही असो. ही सवय सुरुवातीपासून लावून घेतली तर उद्या दुसऱ्याचे कोल्ट हातात आले तरी चूक होणार नाही.

वापरलेले रुगर घेणाऱ्यांसाठी एक खूण सांगून ठेवतो. फ्रेमच्या बाजूला 3 स्क्रू दिसत असतील तर ते 1973 पूर्वीचे जुने मॉडेल असते. नव्या मॉडेलमध्ये त्या जागी 2 पिना दिसतात. जुन्या मॉडेलमध्ये मुळात ट्रान्सफर बार नव्हता. कंपनी तो विनामूल्य बसवून देते, म्हणून हाती आलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो बसवलेला आहे की नाही याची चौकशी खरेदीपूर्वीच करावी, आणि खात्री होत नसेल तर ते कोल्ट पद्धतीचेच आहे असे धरून चालावे.

दुसरी पायरी: काडतूस ठरवा

ज्याने आजवर हँडगन चालवलेलीच नाही त्याने .22 एलआरपासून सुरुवात करावी. सगळ्या काडतुसांत हे स्वस्त, धक्का नगण्य आणि आवाज सुसह्य, त्यामुळे घोडा चढवणे, साइट जुळवणे, चाप दाबणे आणि गोळी सुटल्यावरही नेम न मोडणे यांकडे पूर्ण लक्ष देता येते. अनेक .22 रिव्हॉल्व्हरबरोबर .22 मॅग्नमचा दुसरा सिलिंडर मिळतो. दोन्ही काडतुसांच्या नावात 22 असले तरी .22 मॅग्नमची पुंगळी, म्हणजे काडतुसाचे धातूचे कवच, अधिक जाड असते; .22 एलआर काडतूस मॅग्नमच्या सिलिंडरमध्ये घातले तर ते सैल बसते आणि गोळी सुटताना पुंगळी फाटू शकते. सिलिंडर बदलला की काडतुसांचा आधीचा डबा टेबलावरून उचलून ठेवावा.

मोठ्या काडतुसांमध्ये नवख्यासाठी मी .357 मॅग्नमच सुचवतो, आणि त्यामागचे कारण .38 स्पेशल आहे. .38 स्पेशलची पुंगळी .357 मॅग्नमपेक्षा 0.135 इंचाने आखूड असून बाकीची मापे जुळत असल्यामुळे ती .357 च्या चेंबरमध्ये सुरक्षितपणे चालते. उलट दिशेने मात्र कधीही नाही. 158 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) गोळी .38 स्पेशलमधून साधारण 230 मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते, तर त्याच वजनाची गोळी .357 मधून सुमारे 380 मीटर प्रतिसेकंद वेगाने. एकाच रिव्हॉल्व्हरमध्ये शांत आणि दणकट असे दोन स्वभाव मिळतात, आणि सुरुवातीचे कित्येक महिने शांत काडतुसांवर काढता येतात.

.45 कोल्ट हे 1873 पासूनचे मूळ काडतूस. 250 ग्रेनच्या आसपासची जड गोळी सुमारे 260 मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते आणि तिचा धक्का मोठा असला तरी संथ, हाताला ढकलल्यासारखा लागतो. यात एक सापळा आहे. काही कंपन्या .45 कोल्टची अतिशय उच्च दाबाची काडतुसे विकतात, जी रुगर ब्लॅकहॉकसारख्या मोठ्या फ्रेमसाठीच असतात. कोल्ट, इटालियन प्रतिकृती किंवा रुगरचेच न्यू व्हॅकेरो यांमध्ये ती घालू नयेत. डब्यावर लिहिलेली सूचना आणि रिव्हॉल्व्हरचे माहितीपत्रक ही दोन्ही वाचल्याशिवाय .45 कोल्टचा डबा फोडू नये.

.44 मॅग्नम आणि त्याहून वरची .454 कॅसुलसारखी काडतुसे पहिल्या खरेदीत नकोत. जोरदार धक्क्याची भीती एकदा मनात बसली की चाप दाबण्याच्या क्षणी हात आपोआप खाली दबू लागतो, आणि ती खोड मोडायला लागण्यापेक्षा किती तरी अधिक वेळ घेते.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष मॉडेलांची तुलना

.22 मध्ये आज नवख्यापुढे प्रामुख्याने तीन पर्याय येतात. हेरिटेज रफ रायडर हे त्यांतले सर्वांत स्वस्त. त्यात काडतुसे भरताना घोडा अर्धा चढवावा लागतो, आणि घोड्याच्या शेजारी हाताने चालवायची सेफ्टीची कळ असते, जी मूळ रचनेत कधीच नव्हती. ही कळ उपयोगी आहे, पण घाईत ती तशीच लावून ठेवून चाप दाबण्याचा प्रकार नवशिक्यांकडून वारंवार होतो. रुगर रँगलर 2019 साली आले. ॲल्युमिनियम मिश्रधातूची फ्रेम, सेराकोटचा लेप, स्थिर साइट आणि ट्रान्सफर बार असा त्याचा साधा संच आहे, आणि मोठ्या रुगरप्रमाणेच ते हाताळले जाते. म्हणून पुढे ब्लॅकहॉक घेण्याचा विचार असेल तर शिकण्यासाठी मला हेच अधिक पसंत आहे. तिसरे रुगर सिंगल-सिक्स, ज्याची मालिका 1953 पासून चालत आली आहे. पोलादी फ्रेम आणि बहुतेक मॉडेलांमध्ये वरखाली व डावीउजवीकडे हलवता येणारी साइट यांमुळे त्याची किंमत बरीच वर जाते. 2023 मध्ये आलेले सुपर रँगलर या दोहोंच्या मधले आहे: पोलादी फ्रेम, जुळवता येणारी साइट आणि .22 मॅग्नमचा जोड सिलिंडर. एकच .22 घेऊन वर्षानुवर्षे वापरायची असेल तर मी सुपर रँगलर किंवा सिंगल-सिक्सकडे पाहीन.

मोठ्या काडतुसांत खरी तुलना ब्लॅकहॉक, न्यू व्हॅकेरो आणि कोल्ट पद्धतीची प्रतिकृती यांच्यात होते. ब्लॅकहॉक 1955 पासूनचे. जाड, जड, जुळवता येणाऱ्या साइटचे आणि जवळजवळ न मोडणारे. कागदी टार्गेटवर वेगवेगळी काडतुसे चालवून बघायची आवड असेल तर याला तोड नाही, कारण काडतूस बदलले की गोळी लागण्याची जागा बदलते आणि साइट फिरवून ती पुन्हा मध्यावर आणता येते. काही संचांत .357 बरोबर 9 मिलिमीटरचा, किंवा .45 कोल्टबरोबर .45 एसीपीचा दुसरा सिलिंडरही येतो. 2005 साली आलेले न्यू व्हॅकेरो मात्र स्थिर साइटचे आहे, आकाराने मूळ कोल्टच्या जवळ जाते आणि हातात अधिक हलके, चपळ वाटते. त्यातली एक बारीक सुधारणा मला फार मोलाची वाटते. गेट, म्हणजे सिलिंडरमागची काडतुसे भरण्याची झडप, उघडून सिलिंडर फिरवताना क्लिक आला की चेंबर गेटच्या तोंडाशी बरोबर उभे राहते. ब्लॅकहॉकमध्ये क्लिक ऐकू येईपर्यंत चेंबर किंचित पुढे निघून गेलेले असते, इजेक्टर रॉड (रिकामी पुंगळी बाहेर ढकलणारी दांडी) पुंगळीऐवजी सिलिंडरच्या धातूला अडतो, आणि सिलिंडर मागे फिरत नसल्याने पुन्हा पूर्ण फेरा घ्यावा लागतो. सवयीने हे जमते, परंतु सुरुवातीला चिडचिड होते.

उबर्टी किंवा पिएट्टाची प्रतिकृती घेणाऱ्याला मूळ कोल्टचा तोल, घोडा चढवताना येणारे चार निरनिराळे आवाज आणि झिलईचे सौंदर्य बऱ्याच कमी किमतीत मिळते. त्या बदल्यात आतल्या सपाट पट्टीच्या स्प्रिंगा पत्करायच्या असतात. भरपूर वापरानंतर त्या तुटतात आणि बदलाव्या लागतात. रुगरमध्ये गुंडाळीच्या स्प्रिंगा असल्याने ही काळजी जवळजवळ नसते. खुद्द कोल्टविषयी माझे मत सरळ आहे: ते सुंदर आहे, इतिहासाचा वारसा आहे, आणि पहिल्या शिकाऊ रिव्हॉल्व्हरसाठी त्या किमतीचे समर्थन करणे अवघड आहे. फ्रीडम आर्म्ससारख्या कंपन्यांची अत्यंत काटेकोर मापांची रिव्हॉल्व्हर ही अनुभवी लोकांची बाब आहे; येथे त्यांची चर्चा नको.

नळीची लांबी पारंपरिकपणे 4.75, 5.5 किंवा 7.5 इंच असते. लांब नळीत दोन साइटांमधले अंतर वाढते आणि नेमातली चूक डोळ्याला लवकर दिसते, पण वजन पुढे झुकते. 5.5 इंच हा टार्गेटसाठी समंजस मध्यममार्ग आहे.

चौथी पायरी: हातात घेऊन तपासा

विक्रेत्याची परवानगी घेऊन, रिव्हॉल्व्हर रिकामे असल्याची स्वतः खात्री करून, आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून ही तपासणी करावी. घोडा अगदी हळू मागे ओढा. तो पूर्ण चढण्याच्या आधी किंवा त्याच क्षणी सिलिंडर अडकला पाहिजे. घोडा चढूनही सिलिंडर बोटाने पुढे सरकवल्यावरच अडकत असेल तर त्या चेंबरचा मेळ बिघडलेला आहे. ही परीक्षा सहाही चेंबरांवर करा, कारण दोष अनेकदा एकाच चेंबरात असतो. मग सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट प्रकाशासमोर धरून बघा. साधारण 0.004 ते 0.008 इंच, म्हणजे 0.1 ते 0.2 मिलिमीटर इतकी फट योग्य मानली जाते. ती शून्य असेल तर थोड्या काजळीनेच सिलिंडर जाम होतो, आणि फार मोठी असेल तर गरम वायू व शिशाचे कण बाजूला उडतात. फट योग्य असली तरी वायू बाजूला निघतोच, म्हणून गोळी सोडताना आधाराच्या हाताचे एकही बोट सिलिंडरच्या पुढच्या कडेच्या जवळ येता कामा नये.

मुठीचा प्रश्न केवळ हातच सोडवू शकतो. कोल्टची वळणदार मूठ धक्क्याबरोबर तळव्यात वर सरकते, नळी आकाशाकडे उचलली जाते आणि अंगठा आपसूक घोड्यावर येतो. हे घसरणे तिच्या रचनेचाच भाग आहे, म्हणून तिला डबल-ॲक्शनसारखे आवळून धरायचा प्रयत्न करू नये. हात मोठा असेल किंवा जड काडतुसे वापरायची असतील तर बिस्ली मूठ पाहावी. तिचा कोन अधिक उभा असतो आणि घोड्याचे शेपूट खाली असते, त्यामुळे धक्का तळव्यात अधिक सरळ येतो. सुपर ब्लॅकहॉकच्या काही मॉडेलांमध्ये चापाभोवतीच्या कड्याची मागची बाजू चौकोनी असते आणि ती मधल्या बोटाच्या पेरावर आदळते, ही गोष्ट दुकानात कळत नाही.

स्थिर साइटचे रिव्हॉल्व्हर घेताना आणखी एक लक्षात ठेवा. त्याची साइट कारखान्यात एखाद्या विशिष्ट गोळीला अनुसरून ठरवलेली असते. त्याच काडतुसात गोळी जड घेतली तर ती सहसा वर लागते, हलकी व वेगवान घेतली तर खाली. म्हणून साइट घासण्यासाठी कानस हातात घेण्यापूर्वी निरनिराळ्या वजनाच्या गोळ्या चालवून पाहाव्यात.

पाचवी पायरी: भरण्याचा क्रम अंगवळणी पाडा

हा सराव आधी नकली काडतुसांवर करावा. कोल्ट पद्धतीत घोडा अर्धा चढवा, गेट उघडा; रुगरच्या नव्या मॉडेलमध्ये घोडा खालीच ठेवून नुसते गेट उघडले की सिलिंडर मोकळा होतो. पहिले चेंबर भरा, दुसरे रिकामे सोडा, पुढची चार भरा, गेट लावा. आता घोडा पूर्ण मागे ओढा आणि सावकाश उतरवा. तो रिकाम्या चेंबरवर येतो. तसा आला आहे का, हे सिलिंडरच्या मागच्या फटीतून बाजूने पाहून निश्चित करावे. या सर्व वेळात नळी टार्गेटच्या दिशेलाच राहिली पाहिजे, आणि घोडा उतरवताना तर विशेष करून, कारण अंगठा घसरण्याची शक्यता त्याच क्षणी असते.

घोडा उतरवण्याची रीत दोन पद्धतींत निरनिराळी आहे. कोल्टमध्ये घोडा पूर्ण खाली येईपर्यंत चाप दाबून ठेवावा, नाहीतर मधल्या खाचेत आपटून चापाचे टोक दुखावते. रुगरमध्ये घोडा सुटून थोडा पुढे आला की चापावरचे बोट काढून घ्यावे, म्हणजे ट्रान्सफर बार खाली जातो. कोल्टमध्ये अर्ध्या चढवलेल्या स्थितीतून घोडा थेट खाली सोडण्याची चूकही करू नये. तसे केल्यास सिलिंडरवर ओरखड्याचे कडे उमटते. नेहमी आधी पूर्ण मागे, मग खाली.

सहावी पायरी: पहिली सत्रे

डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण घातल्याशिवाय, .22 असली तरी, सुरुवात करू नये. टार्गेट 7 मीटरवर लावा आणि पहिल्यांदा एकच काडतूस भरून सोडा. दोन्ही हातांनी धरून आधाराच्या हाताच्या अंगठ्याने घोडा चढवला तर मुख्य हाताची पकड मोडत नाही. सिंगल-ॲक्शनचा मोठा घोडा पडायला तुलनेने वेळ घेतो, म्हणून चाप सुटल्यावरही साइट टार्गेटवर तशाच धरून ठेवणे येथे इतर हँडगनपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरते. थोडी लय सापडली की सोबत्याला काही चेंबरांत खरी आणि काहींत नकली काडतुसे भरून द्यायला सांगा. नकली काडतुसावर घोडा पडला आणि नळी खाली डुचमळली, तर धक्क्याची धास्ती उघडी पडते. हा सराव मला सर्व सरावांत अधिक उपयोगी वाटतो. रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप घरी दाबण्याआधी माहितीपत्रक पाहावे, कारण काही .22 मॉडेलांमध्ये फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून खळगा पाडते.

काडतूस पेटले नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान 30 सेकंद थांबा, मगच गेट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुटते.

सत्र संपल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण शिशाचा अंश बोटांवर राहतो. मग सिलिंडर काढून चेंबर आणि नळीची मागची कड साफ करावी. .357 मध्ये .38 स्पेशल चालवल्यावर प्रत्येक चेंबरात काजळीचे एक कडे साचते. ते ब्रशने काढले नाही तर पुढच्या वेळी लांब मॅग्नम काडतुसे घट्ट बसतात आणि पुंगळ्या निघेनाशा होतात. शेवटी खाचेत नीट बसणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने सगळे स्क्रू, आणि विशेषतः इजेक्टर रॉडच्या नळकांड्याचा स्क्रू, तपासून घ्यावा. धक्क्यांनी सर्वांत आधी तोच सैल होतो आणि रेंजवरच गळून पडतो.